शकुंतला चौकात उभी करायला नको, रुळावर पाहिजे

अंजनगावचा पानमळा

शकुंतला म्हणजे आमची मूर्तिजापूर–अचलपूरची अरुंद रुळांवरची छोटी रेल्वे, आता बंद पडलेली. काल इथं एका भल्या माणसाने लिहिलं, "शकुंतला शकुंतला करत गळे काढणं पुरे. एक डबा रंगवून चौकात ठेवा, पोरांना फोटो काढू द्या, विषय संपवा. रस्ते झाले, एसटी आहे." खाली शाबासकीची रांग. रात्रीच उत्तर देणार होतो, पण डोकं तापलं होतं म्हणून थांबलो. सकाळी पाहिलं तर तापलेलंच आहे.

मला त्या गाडीचे कौतुकसोहळे नकोत. मँचेस्टरचं 1921 चं इंजिन, 1994 पर्यंतचा धूर, अडीच फुटी रूळ, धावत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येतं हा विनोद, सगळं ऐकून कान किटले. इंजिनाची जन्मतारीख सगळ्यांना पाठ, डब्यात कोण बसायचं ते कुणालाच आठवत नाही. माझी आजी बसायची, पानांच्या टोपल्या घेऊन. मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटरला चार-चार तास लागायचे, कबूल. म्हणून तर निवेदन लिहून ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची लाइन मागतोय. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना घोषणा झाली, पेढे वाटले गेले, मी दोन खाल्ले. आता रुळांत बाभळी उगवल्यात.

मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी दुसरी शकुंतलाही बंद पडली, पण त्यांच्याकडे निदान वर्धा–नांदेड लाइन तरी येतेय. फेब्रुवारी 2024 मध्ये कळंबपर्यंत गाडी आली. आमच्याकडे दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर असे तीन तालुके, आणि रुळावरून धावणारं एक चाक नाही.

आणि एसटी आहे म्हणता? 2021-22 च्या हिवाळ्यात संप होता तेव्हा कुठे होतात? कर्मचाऱ्यांना दोष देत नाही, त्यांचे हाल मला माहीत आहेत. पण वडलांना दर पंधरा दिवसांनी नागपूरला न्यायचं होतं. भाड्याच्या गाडीवाल्याने बडनेऱ्यापर्यंतचे जे पैसे घेतले त्यात माणूस तिरुपतीला जाऊन आला असता.

परतवाड्याचा बोका

भला माणूस मीच. धन्यवाद.

वडलांचं वाईट वाटलं, खरंच. पण एका संपावरून रेल्वे मागायची तर उद्या रेल्वेचा संप झाल्यावर विमानतळ मागाल. मुद्द्यावर या. अचलपूरला चिकटलेल्या आमच्या परतवाड्याहून मूर्तिजापूरला जातं कोण? कलेक्टर ऑफिस अमरावतीला, मोठे दवाखाने अमरावतीला, कॉलेजं तिथेच. तुमची लाइन आम्हाला आधी दर्यापूर दाखवणार, मग मूर्तिजापूर, मग बडनेरा. नाक धरायला हात डोक्यामागून.

दुसरं. चांदूर बाजारला ब्रॉडगेजचं स्टेशन आहे, अमरावती–नरखेड लाइनवर. आपल्यापासून तासाभराच्या आत. मोर्शी-वरूडकरांनी त्या लाइनसाठी वर्षानुवर्षं निवेदनं दिली. झाली एकदाची. आता इथल्या प्रत्येकाने छातीवर हात ठेवून सांगावं, तुम्ही तिथून कितीदा चढलात? मी सांगतो माझं. शून्य वेळा.

दर्यापूरच्या काकू

परतवाडा म्हणजे जग नव्हे हो. दर्यापूरकरांना मूर्तिजापूर जवळचं. माझी मुलगी पुण्याला आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेस धरायची तर मूर्तिजापूरला जायला काळीपिवळी, तीत अकरा माणसं आणि एक बोकड. बोकड सीटवर होतं, मी नव्हते.

वऱ्हाडी ठेचा

काहून भांडून रायले राजेहो! मूळ गोष्ट कोनी बोलत नाई. थे लाइन आजबी इंग्रजाची आहे. आपून दरसाल त्याईले करोडो रुपये भाडं देतो. पयले थे बंद करा, मंग ब्रॉडगेज.

रुळावरची माती

आलं, राणीचं भाडं आलं. दर धाग्यात येतं. ठेचाभाऊ, लाइन सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, मागे किलिक निक्सन. ही किलिक निक्सन 1857 साली मुंबईत निघालेली पेढी. रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणात ही लाइन सुटली आणि करारावर चालत राहिली, घोळ एवढाच. लंडनच्या राजवाड्यात कोणी आपल्या लखपुरी स्टेशनच्या तिकिटाचे पैसे मोजत बसलेलं नाही.

वऱ्हाडी ठेचा

मंग पेपरात काहून छापतात?

रुळावरची माती

पेपर खपतो म्हणून.

माजी अपडाऊनवाला

बोकाभाऊंशी मी सहमत, पण कारण वेगळं. मी दोन वर्षं त्या गाडीने येणंजाणं केलं. डब्यात शंभर माणसं, तिकिटं वीस. मधल्या स्टेशनांवर खिडकीच नाही, गार्डच उतरून तिकिटं द्यायचा, तोच झेंडा दाखवायचा. तो एका डब्यापाशी पोचेस्तोवर दुसऱ्या डब्यातली जनता शेताच्या बांधावर उतरलेली. अशी गाडी तोट्यात नाही जाणार तर काय? आता तर एसटीत बायकांना अर्धं तिकीट. रेल्वेत पूर्ण पैसे देऊन कोण बसणार आहे?

दर्यापूरच्या काकू

अर्धं तिकीट बायकांना मार्च 2023 मध्ये मिळालं. तुमच्या पोटात तेव्हापासून दुखतंय की आजच सुरू झालं? आणि आम्ही तिकीट काढायचो. रांगेत उभं राहून, सुट्टे पैसे मोजून. फुकट बसायची ती तुमच्यासारखी दारात लटकणारी पोरं.

माजी अपडाऊनवाला

काकू, मी बायकांविरुद्ध एक शब्द लिहिलेला नाही. हिशोब सांगितला.

दर्यापूरच्या काकू

हिशोबच सांगते. अर्धं तिकीट झाल्यापासून अमरावतीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे माणसं होतीच, पैसे नव्हते म्हणून घरी बसत होती. माझी शेजारीण वर्षातून एकदा माहेरी जायची, आता महिन्याला जाते. स्वस्त गाडी दिली की माणूस निघतो. तुम्ही वीस तिकिटं मोजत बसलात, शंभर माणसं नाही मोजली.

पुण्यातला अचलपुरी

काकूंना शंभर टक्के. तिकीट लोक काढत नव्हते हा गाडी बंद करायचा मुद्दा कसा होतो? मुंबईच्या लोकलमध्येही विनातिकीट जातात, तिथे रूळ उखडले नाहीत. आमचंच गाव गरीब म्हणून आम्हीच चोर?

माजी अपडाऊनवाला

चोर कोण म्हणालं? पुण्यात बसून गावाचा कळवळा फार सोपा आहे. मागच्या वेळी गावी आलात तेव्हा कसे आलात ते लिहा की.

पुण्यातला अचलपुरी

ट्रॅव्हल्सने. कारण रेल्वे नाही! हेच तर सांगतोय!!

परतवाड्याचा बोका

पुण्याहून रेल्वेने अमरावतीला येता येतं साहेब. तिथून एसटी. तुम्हाला उंबरठ्यावर उतरवणारी गाडी पाहिजे, मग तुम्ही ट्रॅव्हल्सनेच येणार. रेल्वे आली तरी.

वऱ्हाडी ठेचा

एक सांगू काय? आमचा बुढा बिनातिकिट बसे अन् गार्डले घरची संत्री दे. त्याले थो तिकीटच समजे. गार्ड बिचारा घेत नाई म्हने, बुढा त्याच्या बाकावर ठेवून उतरून जाय.

रुळावरची माती

तिकिटावरून सगळे संत्र्यांवर आले, आता मूळ धाग्यावर या. कपूस, संत्रा, अंजनगावची पानं, पानपिंपरी. ही लाइन माणसांसाठी घातलीच नव्हती, वऱ्हाडातला कापूस मेन लाइनवर नेऊन मुंबईच्या बंदरात पोचवायला घातली होती. माणसं वरकड. आजही नुसत्या प्रवाशांवर ब्रॉडगेजचा खर्च निघत नाही, पानमळेभाऊंनी हे कबूल करावं. मागणीत मालधक्का, म्हणजे माल चढवायची-उतरवायची सोय नसेल तर फाइल पुढे सरकणार नाही.

(कापूस लिहायचं होतं. ठेचाभाऊंचा संसर्ग.)

अंजनगावचा पानमळा

कबूल. माझ्या निवेदनात मालधक्का नव्हता. टाकतो.

पण बोकाभाऊ, तुमच्या चांदूर बाजारचं उत्तर द्यायचं राहिलं. तिथून आपण चढत नाही, कारण तिथवर आधी बस, मग स्टेशनवर वाट पाहणं, आणि ज्या वेळेला पाहिजे त्या वेळेला गाडी नाही. स्टेशन असणं वेगळं आणि गाडी असणं वेगळं. विहीर आहे, पोहरा नाही, अन् तुम्ही म्हणता गावाला तहान नाही.

परतवाड्याचा बोका

विहिरीचं वाक्य रात्रभर घडवलं वाटतं. बरं, चांगलं आहे.

मग तुमच्याच तर्काने चला. अचलपूरला येऊन शेवट होणारी लाइन म्हणजे आंधळी गल्ली. तीच पुढे चांदूर बाजारला नेऊन नरखेड लाइनला जोडा. मग मूर्तिजापूरकडून आलेला माल नागपूरकडे जाईल, दिल्लीकडे जाईल, आणि परतवाड्याच्या माणसाला अमरावतीला जायचा सरळ रस्ता मिळेल. हे निवेदनात असेल तर सही करतो. नसेल तर डबा रंगवायला ब्रश मी देतो.

पुण्यातला अचलपुरी

म्हणजे कालपर्यंत 76 किलोमीटर नको होते, आज त्याहून जास्त पाहिजेत?

परतवाड्याचा बोका

मागायचंच आहे तर पोटभर मागा. मिळणार दोन्हीही नाही.

माजी अपडाऊनवाला

माझीही सही घ्या. चेकिंग पाहिजे हे कलम टाकून.

दर्यापूरच्या काकू

टाका. आणि सांगायला हरकत नाही आता, एकदा मी आणि धाकटी बहीण लखपुरीच्या यात्रेहून विनातिकीट आलो होतो. गर्दी होती, गार्ड आमच्यापर्यंत पोचलाच नाही. अपडाऊनवाल्यांनी जास्त खूश होऊ नये. माझं नाव सहीत लिहा, आणि गाडी सुरू होईल त्या दिवशी मी तीन तिकिटं काढीन. एक त्या दिवसाचं, दोन जुनी.