स्पर्धेच्या एका प्रयोगासाठी संस्था कशाला? – त्या पोस्टला माझं उत्तर

नेपथ्यवाला:
परवा एका सदस्यानं लिहिलं, ‘तालुक्यातल्या हौशी नाट्यसंस्था फक्त राज्य नाट्य स्पर्धेपुरत्या जाग्या होतात. एक प्रयोग, सरकारी पैसा, पुन्हा वर्षभर झोप. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांसारखं तिकीट लावा, नाहीतर कुलूप लावा.’ दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका संस्थेत एकवीस वर्षं नेपथ्य करतो. प्रयोग एक, पण तालमी सप्टेंबरपासून. शाळा सुटली की एक वर्ग मिळतो. बाक भिंतीला लावायचे, खडूनं सेटच्या रेषा आखायच्या, साडेनऊला शिपाई किल्लीसाठी दारात उभा. गेल्या वर्षी नाटकात पोस्टमन होता, नर्स होती, दोन शिक्षक आणि एक द्राक्षबागायतदार. छाटणी ऐन ऑक्टोबरात. दिवसभर बागेत छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावून तो रंग नखांत घेऊनच तालमीला यायचा. वाक्य चुकलं तर घरी जाताना गाडीवर पाठ करायचा. याला झोप म्हणायचं? सरकारी पैशाचं म्हणाल तर तो नंतर येतो आणि सेटचं लाकूड न् टेम्पो यातच संपतो. बाकी वर्गणी.

१८४३ ला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ आमच्या सांगलीत केलं, ते तिकिटासाठी नव्हे.

वडसेकर:
ती पोस्ट माझीच. भाव्यांचा दाखला देताय तर पूर्ण द्या. पाठीशी संस्थानिक होते तोवर तिकिटाची गरज नव्हती. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन १८५१ ला गेले, आश्रय सुटला आणि भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ ला मुंबईत तिकीट लावूनच खेळ केले.

झाडीपट्टीतल्या आमच्या देसाईगंजात, म्हणजे वडशात, दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. गावात शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा मंडई (आमच्याकडची जत्रा) असली की गावचं मंडळ नाटक कंपनी ठरवतं. मंडप पडतो, माणसं घरून चादर आणतात, तिकीट काढतात आणि उजाडेपर्यंत नाटक बघतात. माझी आजी धानाच्या मजुरीतून तिकिटाचे पैसे बाजूला ठेवायची. आमचे नट परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. लोकांना हवं असेल तर लोक पैसे देतात. तुमचं नाटक लोकांना हवं आहे का, हा माझा प्रश्न आहे.

नेपथ्यवाला:
झाडीपट्टीत कंपन्या आहेत, कलाकारांना मानधन आहे, शंभर वर्षांची सवय आहे. आमच्याकडे तो पोस्टमन दुसऱ्या दिवशी नऊला टपाल वाटायला निघतो. एकाच मापानं मोजू नका.

तिसरी_घंटा:
तिकीट, अनुदान हे नंतरचं. संस्था झोपतात कारण त्या कुणाच्या तरी खिशात असतात. आमच्या गावातल्या संस्थेच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीवर, सात विश्वस्त आहेत. त्यातले दोन वारले, एक मुलाकडे अमेरिकेत. विश्वस्त बदलल्याचं कळवणारा चेंज रिपोर्ट कुणी भरलेला नाही. मी आठ वर्षं लाइट करतो, सभासदत्वाचा अर्ज तीनदा दिला, उत्तर एकच, ‘पुढच्या सभेत बघू.’ ती सभा होतच नाही.

माजी_कार्यवाह:
मी अठ्ठावीस वर्षं कोल्हापुरात संस्थेची दप्तरं सांभाळली. दरवर्षी ऑडिट, धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या, आता प्राप्तिकर सवलतीच्या नोंदणीचंही ठरावीक वर्षांनी नूतनीकरण. तुमच्या वयाच्या किती जणांना म्हटलं, ये, हिशोब लिही. सगळ्यांना दिग्दर्शन हवं असतं. पावत्या चिकटवायला कुणी येत नाही.

तिसरी_घंटा:
आम्हाला कपाटाची किल्ली कधी दिलीत? १९७२ च्या डिसेंबरात पुण्याच्या पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन) या संस्थेनं ‘घाशीराम कोतवाल’ केलं. संस्थेच्या अध्यक्षांना पटेना, प्रयोग थांबले. मुलं बाहेर पडली आणि १९७३ ला थिएटर अकॅडमी उभी राहिली. म्हाताऱ्यांनी अडवलं तेव्हाही तरुणांनीच नाटक वाचवलं.

माजी_कार्यवाह:
म्हातारे म्हणताय ते तोंड सांभाळून म्हणा. आणि बाहेर पडा की! सात माणसं जमवा, नोंदणी करा. कोण अडवतंय?

तिसरी_घंटा:
पुण्यात जमतं. आमच्याकडे हॉल एक, साउंडवाला एक, देणगीदार तीन, आणि तिघेही त्याच विश्वस्तांचे साडू नाहीतर व्याही. नवी संस्था काढून तालीम करू कुठे, एस.टी. स्टँडवर?

चिपळूणची_मावशी:
भांडा, पण एक ऐका. माझं लग्न झालं तेव्हा सासूबाईंना नाटकात काम करणं मान्यच नव्हतं. आमचे कार्यवाह घरी आले, ओसरीवर बसले, म्हणाले, ‘रोज रात्री मी स्वतः आणून सोडीन.’ पाच हंगाम सोडलंन त्यांनी, पावसात छत्री धरून. त्यांचंही नाव कागदावर वीस वर्षं तसंच होतं, ते चूकच. पण संस्था नसती तर मी कुणाच्या भरवशावर रात्री बाहेर पडले असते? आणि हॉल बांधणाऱ्यांनी बायकांच्या मेकअपरूमला आतून कडी लावावी. आम्ही आजही दारामागे पेटारा लावतो.

माजी_कार्यवाह:
कडीचं खरं आहे. आमच्याकडेही नव्हती, लक्षात यायला फार वर्षं लागली. आणि तिसरी घंटा, मयत विश्वस्तांचा चेंज रिपोर्ट न भरणं ही चूकच, तेवढं मान्य. बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत भरायचा असतो. उशीर झाला तर माफीचा अर्ज जोडावा लागतो. मृत्यूचे दाखले आणि सभेचं इतिवृत्त काढून ठेवा, मसुदा मी करून देतो. मात्र हिशोबाची वही तुम्ही लिहायची.

तिसरी_घंटा:
लिहितो. आधी सभा तर बोलवू देत.

वडसेकर:
माझ्या प्रश्नाचं काय झालं? कड्या, चेंज रिपोर्ट सगळं बोलून झालं. तिकीट लावणार की नाही?

नेपथ्यवाला:
कुलूप लावा म्हणालात ते अजून टोचतंय. पण आमचं नाटक स्पर्धेबाहेर कुणी पाहिलंच नाही, हे खोटं म्हणता येत नाही. सेट अजून मोडलेला नाही. माघात गावची जत्रा आहे, तिथे पन्नास रुपये तिकीट लावून एक प्रयोग करू या, असं आज रात्री तालमीच्या ग्रुपवर टाकतोय. तुमच्याकडे मंडपवाल्याला आगाऊ किती देतात आणि विजेचं कनेक्शन कुणाच्या नावावर घेतात, तेवढं सांगा.