टँकर ओतला अन् पाणी गडप! पण खाली काळी माती आहे, तिचं काय?

वर्धेकर: काल एक पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. सच्छिद्र काँक्रीटवर टँकर ओततात आणि बघता बघता पाणी नाहीसं होतं. खाली लिहिलंय, "विदर्भातल्या प्रत्येक गावाने सिमेंट रस्ते फोडून हेच टाकावं. पूरही जाईल, टंचाईही जाईल." डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो. व्हिडिओ खोटा नाही. रेती जवळजवळ काढूनच टाकतात, गिट्टीला फक्त सिमेंटचा लेप असतो, त्यामुळे एका चौरस मीटरमधून मिनिटाला शंभरावर लिटर पाणी उतरतं. पण उतरून जातं कुठं? आपल्याकडे खाली भारी काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पण दोन-चार पाऊस झाले की ती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तासाला १ ते ५ मिलिमीटर पाणी घेईल तर घेईल. आपल्याकडचा जोराचा पाऊस तासात ५० मिलिमीटर ओतून जातो. शिवाय रस्त्याखाली पाणी मुरलं की काळी रस्ता उचलते. काळीवर बांधलेल्या घरांच्या भिंती तडकतात त्या कशानं?

गिट्टीवाला: अर्धीच गोष्ट सांगितलीत. काळ्या मातीवर हे थेट कुणी टाकत नाही. काळी उकरायची, तळाला मुरूम दाबायचा, पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड अंथरायचं, वर ३० सेंटिमीटर जाड गिट्टीचा थर. त्यात ४० टक्के पोकळी धरा, १२० मिलिमीटर पाऊस तिथंच मावतो. वरच्या १५ सेंटिमीटर काँक्रीटमध्ये २० टक्के पोकळी म्हणजे आणखी ३०. मग काळीने सावकाश प्यावं, घाई कुणाला आहे? उरलेलं पाणी भोकाच्या पाइपने शोषखड्ड्यात, आणि तो खड्डा काळी भेदून मुरमापर्यंत न्यायचा. यवतमाळ जिल्ह्यात एका शाळेच्या पटांगणात मी स्वतः हे उभं राहून करून घेतलं. तीन पावसाळे झाले. आधी प्रार्थनेला पोरं घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहायची, आता पाऊस थांबला की अर्ध्या तासात पटांगण कोरडं असतं.

दर्यापूरचा कास्तकार: भाऊ, शाळेत पोरं चालतात, गावात टॅक्टर चालते. वावरातून निघालं का चाकाले पायलीभर गारा चिकटून येते, तो रस्त्यावरच पडते. वरून शेण, राख, कुटार. एका पावसाळ्यात सारे भोकं बुजतात. साफ कोन करन? आमच्या ग्रामपंचायतीले नाली उपसाले मानूस भेटत नाही, मंग भोकं धुवाले पाणी मारायची मशीन कोन चालवन! अन् आमी खारपाणपट्ट्यातले. जमिनीतलं पाणी खारं हाय, त्यात गोडं पाणी जिरवून आमाले काय भेटन? आमाले पाणी शेततळ्यात पाह्यजे, डोयाले दिसलं पाह्यजे.

गिट्टीवाला: खारपाणपट्ट्याचं मान्य. तिथं आग्रह नाही. ट्रॅक्टरचंही खरं आहे, सच्छिद्र काँक्रीट नेहमीच्या काँक्रीटपेक्षा कमजोर असतं, भरलेल्या ट्रॉल्या त्यावरून नेऊ नयेत. पण बाजाराचा ओटा, मंदिराचं आवार, दवाखान्याची वाट, इथं काय अडचण आहे? सगळ्या गावाला एकच माप लावून सगळंच बाद करू नका.

पुसदची सून: तुम्ही भोकांवर भांडताय. आमच्या गल्लीतला रस्ता दर निधीला वर चढतो, त्यावर कुणी बोलेल का? मी लग्न होऊन आले तेव्हा रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून ओट्यावर यायचो. मग सिमेंट रस्ता झाला. काही वर्षांनी त्यावर दुसरा, मग तिसरा. जुना फोडला नाही, थरावर थर. आता रस्ता आमच्या उंबरठ्याच्या वर आहे. दोन वर्षांपूर्वी जुलैत रात्री दोनला सासूबाईंनी हाक मारली, दिवा लावला तर चूल पाण्यात. तुरीची पोती बाजेवर टाकेपर्यंत तळाची दोन भिजली होती. तिसऱ्या दिवशी शिवण उसवली तर आत मोड फुटलेले. बियाण्यासाठी ठेवली होती ती तूर.

माजी सरपंच: ताई, दुःख समजतं, पण सरसकट बोलू नका. २५१५ मधून, म्हणजे गावातल्या कामांसाठीच्या सरकारी निधीतून, रस्ता येतो तेव्हा अंदाजपत्रकात जुना फोडायचा खर्च धरलेला नसतो. मुदतीत काम नाही झालं तर पैसा परत जातो. आणि लोकांनाच रस्ता हवा असतो, नालीसाठी कुणी भांडत नाही. ग्रामसभेला तर कुणी फिरकतही नाही.

पुसदची सून: मी पाच ग्रामसभांना गेले. दर वेळी रस्त्याच्या पातळीचा विषय काढला आणि दर वेळी "बाई, बसा" ऐकलं. फिरकत नाही म्हणायच्या आधी कुणाला बसवलं ते आठवा.

माजी सरपंच: ते तुमच्या गावात. माझ्या काळात मी कुणाला बसवलं नाही.

दर्यापूरचा कास्तकार: बसवलं नसन, पन थर तं टाकले ना? माह्या बहिनीचं घर असंच खाली गेलं. भिंतीले वीतभर ओल चढली, वरून घराले दोष देतात!

वर्धेकर: विषय रस्त्याच्या पातळीवर गेला ते बरं झालं, खरी खोट तिथंच आहे. आणि गिट्टीवाल्याचं एक मला नाइलाजाने कबूल करावं लागतंय. साधं काँक्रीट जुन्यावर चढवता येतं. सच्छिद्र काँक्रीटला खाली पोकळी लागते, म्हणजे दीड फूट खोदल्याशिवाय ते टाकताच येत नाही. जुना थर फोडावाच लागतो. मोठ्या रस्त्यांवर माझा विरोध कायम आहे. पण ट्रॅक्टर न जाणाऱ्या अरुंद गल्लीत, गावाच्या चढावरच्या मुरमाड भागात, करून पाहायला हरकत नाही.

गिट्टीवाला: हेच म्हणत होतो. फक्त वरची पातळी उंबरठ्याच्या खाली धरून आखणी करा, नाहीतर खोदूनही पुन्हा वरच याल. आणि पावसाळ्याआधी झाडून, पाणी मारून भोकं मोकळी करायची जबाबदारी आधी लेखी घ्या.

दर्यापूरचा कास्तकार: खोदा मंग. खोदून साधंच टाकलं तरी माह्या बहिनीचं काम भागते. भोकाचं तुमचं तुमी पाहा.

पुसदची सून: आमची गल्ली चढावर आहे, मुरूम हातभर खाली लागतो, ट्रॅक्टर वळतही नाही. रस्ता उंबरठ्याच्या साडेतीन इंच वर आहे, पट्टी लावून मोजलंय. येत्या ग्रामसभेत हे माप घेऊन उभी राहते. कोण कोण सोबत येतंय ते आत्ताच सांगा.