मदत हवी आहे: मामा बेळगाव तालुक्यातले, खातं चंदगड तालुक्यात. सायबर तक्रार कुठल्या पोलिसांत द्यायची?

नमस्कार मंडळी,

माझे मामा उचगावच्या बाजूला राहतात. काजूचा व्यवहार सगळा चंदगड भागात, म्हणून खातंही तिकडच्याच एका शाखेत. परवा ओळखीच्या नंबरवरून त्यांना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. लग्नसराई, त्यात नंबर नात्यातला, त्यांनी ती उघडली. ती एपीके फाइल निघाली, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. इन्स्टॉल होताना मेसेज वाचायची परवानगी मागितली गेली आणि मामांनी ‘हो’ दाबलं. पहाटेपर्यंत तीन वेळा मिळून दीड लाखाच्या वर रक्कम खात्यातून गेली.

बँकेचे ओटीपी फोनमध्ये आहेत, पण मामांनी ते उघडलेलेच नसताना ‘वाचलेले’ दिसतात. वर रात्रीतच मामांच्या व्हॉट्सॲपवरून तीच पत्रिका भावकीच्या ग्रुपवर गेली. आता लोक त्यांनाच बोल लावताहेत. माणूस जेवायला बसत नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवलं, पोच क्रमांक मिळाला. पुढे गाडी अडली. एका ठाण्यात म्हणाले, ‘खातं महाराष्ट्रात, तिकडे जा.’ तिकडे म्हणाले, ‘राहता कर्नाटकात, तिथेच द्या.’ मामांना कन्नड लिहिता-वाचता येत नाही, तक्रार मराठीत चालेल का? मोबाईलवाला फोन फॉरमॅट करून देतो म्हणतोय, करू का? जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

खानापूरकर:

ताई, फोन अजिबात फॉरमॅट करू नका! ती एपीके फाइल हाच तुमचा पुरावा आहे. ती कुठल्या सर्व्हरला मेसेज पाठवत होती, हे तपासणाऱ्याला त्या फाइलमधूनच काढता येतं. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय बंद करा. पत्रिकेचं चॅट, ओटीपी, पैसे गेल्याचे मेसेज, सगळ्याचे दुसऱ्या फोनने फोटो घ्या, वेळ दिसेल असे. मग सिम काढून साध्या फोनमध्ये घाला आणि ##००२# डायल करा, म्हणजे कुणी कॉल वळवून ठेवले असतील तर ते रद्द होतील. व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर सुरू केलं की जुन्या फोनवरचं आपोआप बंद पडतं. ग्रुपवर लगेच लिहा की ती फाइल कुणी उघडू नका. ज्यांनी उघडली असेल त्यांनी आधी नेट बंद करून बँकेला कळवावं.

सीमाभागातला वकील:

हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चं कलम १७३ बघा: गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय सुरू करू शकतात) माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. यालाच लोक झिरो एफआयआर म्हणतात. मामा राहतात तिकडेच द्या, पुढच्या खेपा वाचतील. बेळगावात सीईएन ठाणं आहे, सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठीचं, तिथे जा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच असतो. अर्जात याच कायद्याच्या कलम ६६सी (ओळख चोरणं) आणि ६६डी (तोतयेगिरी करून फसवणूक) चा उल्लेख करा. तरीही नोंद नाकारली, तर १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. शहर आयुक्तालयाची हद्द असेल तर आयुक्तांना.

भाषेचं म्हणाल तर घटनेचं कलम ३५० आहेच. संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. मराठीत बिनधास्त द्या. मात्र सोबत कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा, तपास भरभर होतो, हा माझा अनुभव. जबाब वाचून दाखवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मामांना समजल्याशिवाय सही नको. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेऊनच उठा. फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रतही मागा.

बँकेतला निवृत्त:

शाखेला लेखी कळवलंत का? फोनवर सांगितलं एवढ्यावर थांबू नका, तारीख-वेळेसह पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ग्राहकाने कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेच्या माथी येतं. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवरच असतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. फोन बंद करून ठेवलाय, बँकेत अर्ज दिला, पोच घेतली. गेलेल्यातली काही रक्कम चोरांनी ती वळवली त्या एका खात्यात गोठवल्याचं कळलंय. ती आपोआप परत येते का?

सीमाभागातला वकील:

नाही. एफआयआरची प्रत आणि पोच क्रमांक जोडून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली सहसा अर्ज करावा लागतो, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४५७. गोठवलेली रक्कम कुठल्या बँकेत, किती, हे तपास अधिकाऱ्याकडून लेखी घ्या. तो कागद असला की अर्ज मीच लिहून देतो, मामांना घेऊन कोर्टात या.