शेलीचं नाव कुणी टिकवलं?

मेरी शेली म्हणजे 'फ्रँकेन्स्टाइन'ची लेखिका, इंग्रज कवी पर्सी शेलीची बायको. 'बायरन आणि शेली या कवींच्या बैठकीत बसायला मिळालं म्हणून मेरी शेली लेखिका झाली' असं एक मत आहे; ते निम्मंच पटलं. १८१६ साली जिनिव्हा सरोवराकाठी भुताच्या गोष्टी लिहायची टूम बायरनने काढली, हे खरं. पण त्या मंडळींनी तिला जे दिलं, ते तिने व्याजासकट फेडलं, त्याचं काय?

१८२२ मध्ये शेली बुडून मरण पावला तेव्हा ती २४ वर्षांची, पदरात लहान मुलगा. नवऱ्याच्या वह्यांतली खाडाखोड लावत तिने १८२४ मध्ये त्याच्या अप्रकाशित कविता छापल्या. सासरे सर टिमथी भडकले. नातवाचा खर्च हवा असेल तर उरलेल्या प्रती मागे घे, आणि मी जिवंत असेपर्यंत त्याचं चरित्र लिहायचं नाही! (म्हातारा १८४४ पर्यंत जगला.) बाईने मान तुकवली, पण १८३९ मध्ये समग्र कविता संपादित करताना कवितांना टिपा जोडल्या: ही कविता कुठे लिहिली, तेव्हा घरी काय चाललं होतं, तब्येत कशी होती. नाव टिपांचं, मजकूर चरित्राचा. शेलीच्या अभ्यासकांना आजही त्या टिपा चाळाव्याच लागतात.