मदत हवी आहे: जुना जेरीकॅन कापायचाय, कुठली डिस्क वापरू? (अर्जंट)

बंड्या_घाटावरचा
नमस्कार मंडळी, घाईत धागा काढतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून मिलिटरीचा जेरीकॅन (इंधन-पाणी ठेवायचा पत्र्याचा डबा) उचललाय, एकदम ओरिजिनल. त्याची एक बाजू कापून दार करायचंय, आत दोन फळ्या टाकून भिंतीवर लावायचं छोटं कपाट, नेटवर दिसतात ना तसं. घरी चार इंची ग्राइंडर आहे. प्रश्न एवढाच की १ एमएमची डिस्क चालेल का जाड घेऊ, आणि दाराची रेघ डब्याच्या बाजूवर दाबलेल्या त्या फुलीच्या आतून मारू का बाहेरून. रविवारी दादाचा वाढदिवस आहे म्हणजे शनिवारी कापायचाच आहे. "तयार का नाही घेत" छाप प्रतिसाद नकोत प्लीज.

खाकी_कप्पा
कुठल्या सालचा आहे? काही ठोकलेलं आहे का त्यावर? फोटो टाका आधी.

जुगाडू_जनू
१ एमएम बिनधास्त. फुलीच्या बाहेरून मार. आधी चार कोपऱ्यांना ड्रिलने भोकं पाड म्हणजे डिस्क कोपऱ्याच्या पुढे पळत नाही.

वर्कशॉपवाले आजोबा
थांबा. आधी सांगा, त्यात काय भरलेलं होतं? पाणी, डिझेल का पेट्रोल? झाकण उघडल्यावर वास येतो का?

बंड्या_घाटावरचा
@आजोबा, रिकामा आहे हो. वास थोडासा येतो पेट्रोलसारखा, पण हलवला तर काही वाजत नाही.
@खाकी, फोटो अपलोड होत नाहीये. खाली डब्ल्यूडी लिहिलंय, मध्ये बाण आहे आणि १९४४. आतून लालसर रंगाचे पापुद्रे निघतायत.

खाकी_कप्पा
१९४४!! आणि तुम्ही त्याला कपाट करणार!! अहो बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण, डब्ल्यूडी म्हणजे त्यांचं वॉर डिपार्टमेंट. हा डबा महायुद्धातला आहे. मूळ डिझाइन जर्मनांचं, युद्धाच्या आधीचं. ब्रिटिशांकडे तेव्हा पातळ पत्र्याचे चार गॅलनचे डबे होते, उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्यातलं पेट्रोल वाटेतच गळून जायचं, म्हणून जर्मनांचे हाती लागलेले डबे वापरायला लागले आणि मग सरळ नक्कल करून स्वतः बनवले. वरच्या तीन मुठी बघा, रिकामे असतील तर एक माणूस एका हातात दोन धरतो, भरलेला असेल तर दोघांनी दोन बाजूंनी उचलायचा. मुठींखाली जो उंचवटा आहे तिथे हवा राहते म्हणून भरलेला डबासुद्धा पाण्यावर तरंगतो. आणि तुम्ही त्यात अत्तराच्या बाटल्या ठेवणार. धन्य!

बंड्या_घाटावरचा
अत्तर कोण म्हणालं? आणि माझा डबा आहे ना. डिस्कचं सांगा.

चहाबाज
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वर्कशॉपवाले आजोबा
डिस्कचं नंतर. बंड्या, मी ईएमईमध्ये (सैन्याच्या यंत्रदुरुस्ती विभागात) नोकरी केली, जेरीकॅन खूप हाताळलेत, म्हणून जरा खरमरीत लिहितो. भरलेल्या डब्यापेक्षा रिकामा जास्त वाईट. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीला धरते. भरलेल्या डब्यात वाफ दाट असते, हवा पुरत नाही. तुझ्या डब्यात तळाशी चमचाभर ओल असेल तर वाफ आणि हवा नेमकी त्या मापात बसते. वास येतोय म्हणजे आत काहीतरी आहेच. दोन अर्धे पत्रे मधल्या शिवणीवर जोडलेले असतात, त्या खाचेत पेट्रोल मुरतं. तोंडाच्या आत हवेसाठी एक बारीक नळी आहे, तिच्यात चिकटा बसतो. आणि तू त्यावर ग्राइंडर लावणार, म्हणजे ठिणग्यांचं कारंजंच.

कुठे कापणार आहेस?

बंड्या_घाटावरचा
गॅलरीत. शेजारी गॅस गिझर आहे पण तो बंद करीन.

वर्कशॉपवाले आजोबा
🙏

जुगाडू_जनू
आजोबा उगाच घाबरवतायत. आमच्या इथे गॅरेजला टाक्यांना वेल्डिंग करतात तेव्हा गाडीच्या सायलेन्सरला पाइप लावून धूर आत सोडतात, ऑक्सिजन निघून जातो, काही होत नाही. मी स्वतः बघितलंय.

वर्कशॉपवाले आजोबा
जनूभाऊ, काही झालं नाही ते तुम्ही बघितलंत. धुरात थोडा ऑक्सिजन राहतोच, किती राहिला ते मोजायला मीटर लागतो. तो गॅरेजवाल्याकडे नसतो आणि बंड्याकडे तर नसणारच. डिझेलवाल्यांनीही निवांत राहू नये, थंड डिझेल काडीने पेटत नाही पण वेल्डिंगच्या आचेने तळाचा थर तापला की त्याचीही वाफ होते.

मृण्मयी_कट्टा
पाणी भरून कापायचा ना सरळ. वाफेला जागाच उरत नाही.

जुगाडू_जनू
हो, आणि पाण्याने भरलेल्या डब्यावर २३० व्होल्टचा ग्राइंडर. शॉक लागून जाईल तो. मला म्हणता जुगाडू!

मृण्मयी_कट्टा
ग्राइंडर कोण म्हणालं? हाताने कापायचा. मी केलंय असं कपाट, पण कोरा डबा घेऊन, ज्यात कधी काही भरलेलंच नव्हतं. तुमच्यासाठी लिहिते. नेटवर कोणी सांगत नाही ते असं की ती फुली नुसती शोभेची नाहीये, पत्र्याला ताठपणा तिच्यामुळे येतो. सपाट पत्रा कापला की तो ताण सोडतो आणि दार बाहेरच्या बाजूला फुगतं, मग काही केल्या बंद होत नाही. म्हणून रेघ फुलीच्या बाहेरून, पण कडेच्या गोलाईच्या बरीच आत, बोटभर तरी सपाट पट्टी सोडून. आणि दार काढायच्या आधी चौकटीला आतून चपटी पट्टी लावायचं डोक्यात ठेवा. बिजागरी पियानोवाली, पूर्ण उंचीची. लहान दोन लावल्या तर दार लोंबतं. कापलेली कड कानशीने मारून वर रबरी बीडिंग घाला, नाहीतर बोट कापतंच.

शंकासुर
एक महत्त्वाचं सांगायचं राहिलं. मिलिटरीचे कॅमोफ्लाज जॅकेट, टोप्या वगैरे घालून फिरू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम १६८, पूर्वीचं भादंवि १४०, तीन महिन्यांपर्यंत कैद आहे.

खाकी_कप्पा
जॅकेटचं कोणी विचारलंय का इथे? आणि कलम नीट वाचा, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने घातलं तर गुन्हा आहे.

शंकासुर
माहिती दिली तर चुकलं का? पोलिसांना समजवा तुमचा हेतू.

जोंगाप्रेमी
जेरीकॅनवरून आठवलं, माझ्या जोंगाच्या मागच्या बाजूचा जेरीकॅनचा स्टँड सडलाय. सैन्याची जीपसारखी, जबलपूरची जुनी गाडी आहे. कोणाकडे आहे का किंवा कुठे मिळेल? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खाकी_कप्पा
@जोंगाप्रेमी, मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटला बघितलंत का?

तांबडी_माती
अवांतर: माझ्याकडे आजोबांचा पितळी प्रिझमॅटिक कंपास आहे, दुसऱ्या महायुद्धातला. त्यातले अंधारात चमकणारे ठिपके आता चमकत नाहीत. ते खरवडून नवीन रेडियम मारता येईल का? आपल्याकडे नंबरप्लेटला मारतात ते.

खाकी_कप्पा
अजिबात उघडू नका!!! नंबरप्लेटवाल्या "रेडियम"मध्ये रेडियम नसतं. तुमच्या कंपासमध्ये खरंच असण्याची शक्यता आहे. चमक गेली ती त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड दमल्यामुळे, रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे, ते तसंच बसलंय तिथे. खरवडलं तर भुकटी नाकात जाईल. काच फुटलेली नसेल तर डबीत घालून शोकेसमध्ये ठेवा, पोरांच्या हातात देऊ नका.

तांबडी_माती
बापरे. भाचा खेळतो त्याच्याशी.

बंड्या_घाटावरचा
माझा धागा हायजॅक झालाय. कंपास, जोंगा, कलमं सगळं झालं, डबा राहिला. बरं आजोबा, समजा मला हाच कापायचाय. मग काय करू ते सरळ सांगा. शनिवार आलाच.

वर्कशॉपवाले आजोबा
हाच कापायचा हट्ट असेल तर शनिवार विसर. आमच्याकडे वाफेवर धुवायचे, तुझ्याकडे ती सोय नाही. मोकळ्या जागी, घरात नाही आणि गॅलरीतही नाही, उरलंसुरलं आधी बाटलीत काढून घे, ते गटारात ओतू नकोस. मग गरम पाणी आणि भांड्याचा साबण घालून खळखळून धू, उलटा कर, परत धू, त्या बारीक नळीतूनही पाणी जाऊ दे. मग झाकण काढून वाऱ्याला उघडा ठेव. वास गेला म्हणजे वाफ गेली असं समजू नकोस, नाकाला सवय होते. कापताना आडवा ठेवून रेघेच्या जरा खालपर्यंत पाणी, वरची जागा जितकी कमी तितकं बरं. हाताच्या ड्रिलने भोक आणि पुढे हॅकसॉचं पातं नाहीतर पत्र्याची कात्री. वीज नाही, ग्राइंडर नाही, वेल्डिंग तर नाहीच. बिजागरी रिव्हेटने.

आणि रंग घासू नकोस कोरडा. त्या काळच्या रंगात शिसं असतं, तो लाल पापुद्रापण फुंकून उडवू नकोस.

एवढं करूनही मी म्हणेन हा कापू नकोस.

जुगाडू_जनू
हॅकसॉने तो पत्रा कापायला अख्खा दिवस जाईल.

मृण्मयी_कट्टा
मग जाऊ दे की. नाहीतर माझ्यासारखा कोरा घ्या, त्याला ग्राइंडर चालतो. फक्त दुकानदाराला स्पष्ट विचारा कधी भरला होता का, आणि घ्यायच्या आधी झाकण उघडून वास घ्या. रंग मारून "नवा" म्हणून विकतात.

बंड्या_घाटावरचा
कोरा घ्यायचा तर मग माझ्या १९४४ चं काय करू? पैसे गेलेत त्यात.

जोंगाप्रेमी
मला द्या! न कापलेला असेल तरच. झाकणाची दांडी आणि पिन जागेवर आहे ना? आतलं रबर गॅस्केट गेलं असेल तरी चालेल, मी बसवतो.

खाकी_कप्पा
जोंगाला १९४४ चा ब्रिटिश डबा? जोंगा कधीची आणि डबा कधीचा. तो जीपवाल्याकडे जायला हवा. बंड्या, मला व्यनि करा, दोन जण ओळखीचे आहेत विलीज जीपवाले.

जोंगाप्रेमी
आधी मी विचारलंय.

बंड्या_घाटावरचा
दोघांनीही किंमत टाका, मग बघू. दांडी आहे, पिनपण आहे. रविवारी सकाळी परत बाजारात जातोय कोरा डबा बघायला. दादाला सांगून टाकलंय की गिफ्ट उशिरा मिळेल. @मृण्मयी, पियानो बिजागरी पत्र्याची घेऊ का पितळी? आणि रिव्हेट कितीचे?

मृण्मयी_कट्टा
पत्र्याची. पितळी दिसायला छान पण दमट हवेत तिच्या कडेने पत्रा लवकर गंजतो. रिव्हेट ४ एमएम, आधी दोन टोकांचे मारा, दार उघडझाप करून बघा, मगच मधले.

शंकासुर
जुना सैनिकी माल विकताना पावती ठेवा. तुमच्याकडे बाजारातली पावती आहे का?

चहाबाज
जुन्या बाजारात पावती! 😂