फुटाळा तलावात गोटा टाकला की मधलं पाणी लगेच चूप काऊन होते?

फुटाळावाले मामा
काल संध्याकाळी भाच्यासोबत फुटाळ्यावर होतो. वारा पडलेला, पाणी सपाट. पोरानं गोटा फेकला अन् विचारलं, "मामा, गोल बाहेर पळून राहिले, पण मधलं पाणी शांत कसं झालं?" म्हटलं, जोर संपला. पण बाहेरचं कडं तर मस्त चालूच होतं! कोणी सांगेल काय?

धरमपेठचे मास्तर
भाचा हुशार आहे. वर आलेलं पाणी सपाट करायला दोघं झटतात : गुरुत्व आणि पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणून धरणारी ओढ. रुंद लाटा गुरुत्वाच्या ताब्यात. त्या जितक्या लांब (लांबी म्हणजे दोन माथ्यांमधलं अंतर) तितक्या वेगवान. बारीक लहरी पृष्ठताणाच्या. तिथे जितकी बारीक तितकी चपळ. सगळ्यांत मंद लाट १.७ सेंमी लांबीची, सेकंदाला २३ सेंमी. हा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ केल्विनचा, १८७१चा.

पण ऊर्जा नेतो तो लाटांचा जथा, आणि त्याचा वेग सेकंदाला साधारण १८ सेंमीच्या खाली उतरतच नाही. म्हणून दहा सेकंदांनी केंद्राभोवती १.८ मीटरच्या आत लाट उरत नाही. जोर तिथून केव्हाच निघून गेलेला असतो.

आता गंमत बघा. एकाच रुंद लाटेवर नजर धरा. ती कड्याच्या मागच्या बाजूला उगवते, कड्यातून पुढे सरकते आणि पुढच्या काठाशी विरते. खोल पाण्यात जथा लाटेच्या निम्म्याच वेगानं चालतो ना! मोठा गोटा घ्या. खडा टाकलात तर बारीक लहरीच पुढे पळताना दिसतील, आणि त्या लवकर मरतात.

फुटाळावाले मामा
म्हणजे पाणी बाहेर जातच नाही काय?

गळवाला
नाही जात भाऊ. भुट्ट्याचं साल टाकून पाहा. लाट खालून गेली की जाग्यावरच वरखाली, थोडं पुढेमागे. काठाला आलं तर समजा वाऱ्यानं आणलं.
सर, एक विचारतो. वाहत्या नाल्यात काडी रोवली की वरच्या अंगाला बारीक सुरकुत्या अन् खालच्या अंगाला रुंद लाटा दिसतात. हे तेच काय?

धरमपेठचे मास्तर
अगदी तेच. प्रवाहाशी बरोबरी करणारी लाटच काडीपाशी थांबलेली दिसते, आणि एका वेगाला अशा दोन लाटा असतात, एक बारीक, एक रुंद. बारकीचा जथा लाटेपेक्षा वेगवान, म्हणून ती वर चढते; रुंद लाटेचा मंद, म्हणून ती खाली वाहते. प्रवाह २३ सेंमीहून मंद असला तर सुरकुती उठणारच नाही. काडी मात्र बारीक घ्या, बांबू नको.