कामगारांच्या मुलाखती नोंदवताना फोरमनलाही बसवावं का?

कोरी टेप (धागाकर्ता)

निवृत्त कारखाना-कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका छोट्या गटात मी आहे. आमच्यात सध्या एका मुद्द्यावरून चांगलीच जुंपली आहे, म्हणून इथे टाकतो.

माझं म्हणणं असं, की औद्योगिक संबंधांचा इतिहास हवा असेल तर मुकादम, फोरमन, टाइमकीपर, पर्सोनेल खात्यातले अधिकारी यांनाही माईकसमोर बसवलं पाहिजे. गटातल्या बहुतेकांना हे पटत नाही.

एकच गोष्ट घ्या, पीस रेट. नगावर मजुरी असलेल्या खात्यात स्टॉपवॉचवाला, म्हणजे एका नगाला किती वेळ लागतो ते मोजणारा, आला की हात आपोआप मंदावतात. आज जोर दाखवला तर उद्या दर कापला जाणार, हे नव्या पोरालाही आठवड्यात कळतं. कामगार हे मुलाखतीत हसत हसत सांगतात. पण फोरमनलाही ते दिसत असतंच की! मग तो गप्प का? कारण महिनाअखेरीस आकडा गाठायचा असतो आणि ऐन वेळी हीच माणसं अडलेलं काम उरकून देणार असतात. तो इकडे डोळेझाक करतो, ते तिकडे त्याची लाज राखतात. ही देवघेव कुठल्याच रजिस्टरात नसते; असती तर दोघांच्याही नोकरीवर आलं असतं. तिचे साक्षीदार दोन, आणि आपण बोलावतो एकालाच.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १९४९ पासून जमवलेल्या संग्रहात युनियनची कागदपत्रं आणि व्यवस्थापनाची कागदपत्रं एकाच छताखाली आहेत. तेव्हा मी काही जगावेगळं मागत नाहीये.

तिसरी पाळी

जगावेगळं नाही, जुनंच आहे. मालकाची बाजू नोंदवायला वेगळा माईक कशाला? संचालक मंडळाची इतिवृत्तं, वार्षिक अहवाल, लेबर कोर्टातली प्रतिज्ञापत्रं, सुवर्णमहोत्सवाला काढलेला गुळगुळीत कागदाचा गौरवग्रंथ, सगळीकडे तोच बोलतोय. कामगाराच्या वाट्याला हजेरीपटावरचा नंबर आणि फार तर एखादी चार्जशीट. तीही त्याने लिहिलेली नाही, त्याच्यावर लिहिलेली.

मुळात मुलाखतींतून इतिहास नोंदवायचं हे शास्त्र, मौखिक इतिहास, सुरू झालं तेच बड्यांपासून. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये मुलाखतींचं काम हाती घेतलं, तेव्हा समोर बसले ते सार्वजनिक जीवनातले मातब्बर. यंत्रावरच्या माणसाचा नंबर फार उशिरा लागला. आता कुठे तो बोलायला लागलाय, तर तुम्ही शेजारी फोरमनची खुर्ची मांडताय.

आणि मालकाने कामगाराचं ऐकलंच नाही असं थोडंच आहे? शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने १९२८ ते १९३० या काळात २०,००० हून अधिक कामगारांच्या मुलाखती घेतल्या. मन मोकळं करा म्हणाले. लोकांनी केलं. मग तेच सगळं सुपरवायझरांच्या प्रशिक्षणात वापरलं गेलं. ऐकणारा कोणाचा पगारी आहे, ते आधी विचारावं.

कागद आधी

तुमचं दोघांचं चालू द्या. माझा आक्षेप दोघांवरही आहे. चाळीस वर्षांनी सांगितलेली आठवण म्हणजे इतिहास नव्हे. संपात प्रत्येक जण गेटवर सगळ्यात पुढे असतो, मागे कोणी उभंच नसतं!

इटलीतल्या तेर्नीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. लुइजी त्रास्तुल्ली हा २१ वर्षांचा पोलाद कामगार १७ मार्च १९४९ रोजी, इटलीच्या नाटो प्रवेशाविरुद्धच्या निदर्शनात, पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. पण पुढे इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी मुलाखती घेतल्या तेव्हा अनेक जुने कामगार सांगत होते, की तो गेला १९५३ मध्ये, कामगार कपातीनंतर रस्त्यावर जी मारामारी झाली तीत. प्रसंगही वेगळा, सालही वेगळं, आणि सांगणारे अगदी ठाम. फोरमनला बसवा नाहीतर हमालाला, आधी कागद लावून घ्या.

रेकॉर्डवाली

अहो, ते प्रकरण गाजलं तेच त्या चुकीमुळे! पोर्तेल्लींनी चूक दुरुस्त करून फाइल मिटली नाही, चूक झाली का ते शोधलं. १९४९ मध्ये साथीदार डोळ्यांदेखत गेला आणि कामगारांना काहीच करता आलं नाही. १९५३ मध्ये २,००० हून अधिक लोकांना कामावरून काढलं, तेव्हा मात्र गाव रस्त्यावर उतरून भिडलं. लोकांनी तो मृत्यू उचलून तिथे नेऊन ठेवला, जिथे त्याचा जाब विचारला गेला होता. तारीख तुम्हाला पोलिसांच्या दप्तरात मिळेल. चार वर्षं काय सलत होतं, ते त्या दप्तरात शोधून दाखवा.

आणि कागदाचं एवढं कौतुक आहे म्हणून सांगते. फ्लिंट, मिशिगन. जनरल मोटर्सच्या कामगारांनी ३० डिसेंबर १९३६ पासून ४४ दिवस कारखान्यातच ठिय्या दिला. शेवटी कंपनीने युनियनला मान्यता दिली, तो करार एका पानाचा! त्या पानावर बायका कुठे आहेत? आतल्या कामगारांवर अश्रुधूर सोडला तेव्हा संपाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या महिला ब्रिगेडने बाहेरून कारखान्याच्या खिडक्या फोडल्या, धूर बाहेर जावा म्हणून. संपात बायकांनी काय काय केलं, हे पुढे त्यांच्याच तोंडून सविस्तर नोंदलं गेलं.

कागद आधी

सल समजली. मग त्याला सलीचा इतिहास म्हणा. वेतनाचा, करारांचा, कपातीचा इतिहास त्यावर रचू नका, एवढंच.

बदलीवाला

कागद आधी, मुंबईचा गिरणी संप घ्या. १८ जानेवारी १९८२, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. कागदावर काय? १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटींचा हक्क एकाच प्रातिनिधिक युनियनला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार कोणाच्या मागे? डॉ. दत्ता सामंतांच्या. हा कायदाच बदला, ही संपातली एक मागणी होती. उद्या कोणी फक्त मान्यताप्राप्त युनियनचे करार वाचून त्या काळातले संबंध लिहायला बसला, तर जिच्यावर कामगारांचा विश्वास उडाला होता तीच संघटना त्याला कामगारांचा आवाज वाटेल. कागद खरा असतो हो, पण कोणाला सही करायचा हक्क होता तेवढंच तो सांगतो.

तिसरी पाळी

वा! हे फ्रेम करून लावा.

कोरी टेप

बदलीवाला, मुद्दा मान्य. पण यातून माझंच म्हणणं पुढे जातं. मान्यताप्राप्त युनियनचा खात्यातला प्रतिनिधी त्या दिवसांत सकाळी कामगारांसमोर कोणत्या तोंडाने उभा राहत होता, हे कोण विचारणार? तोही कामगारच. त्याला आपण 'मालकाचा माणूस' म्हणून यादीतून काढणार असू, तर आपण इतिहास नोंदवत नाही, जुनं भांडण पुढे चालवतोय.

रेकॉर्डवाली

आता कामाचं बोलू का? तत्त्वावर सगळे बोलताहेत, खोलीत काय होतं ते कोणी सांगत नाही.

मी संपापासून सुरुवात करतच नाही. 'संपाबद्दल सांगा' म्हटलं की माणूस गेट मीटिंगचं भाषण ठोकतो. मी विचारते, पहिल्या दिवशी हातात काय दिलं? मग तो उठून उभा राहतो, हात पुढे करतो आणि म्हणतो, 'असं धरायचं, मग असं.' टेपवर 'असं' ऐकू येतं, हात दिसत नाही. म्हणून मी मोठ्याने म्हणते, 'म्हणजे अंगठा आत, पट्ट्यापासून लांब?' तो म्हणतो, 'हां, नाहीतर बोट जाणार.' तिथून अपघात निघतो, अपघातावरून नुकसानभरपाई, आणि त्यावरून तो अहवाल कोणी दाबला ते. संबंध हवेत ना? ते असे निघतात, विचारून नाही.

आता फोरमन. एकाच वस्तीत राहणारी माणसं असतात. मी आज फोरमनकडे चहाला गेले, तर उद्या तीन कामगार 'तब्येत बरी नाही' म्हणतात. हा माझा अनुभव आहे, तत्त्व नव्हे.

दुसरं म्हणजे गुप्ततेचा शब्द देऊ नका, पाळता येत नाही. बॉस्टन कॉलेजच्या बेलफास्ट प्रकल्पात उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र गटांच्या लोकांनी, आपण जिवंत असेपर्यंत टेप उघड होणार नाहीत या भरवशावर मुलाखती दिल्या. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांसाठी अमेरिकेत समन्स निघाली आणि टेप द्याव्या लागल्या. आपली प्रकरणं तेवढी भयंकर नसतील, पण एखाद्याचा मुलगा त्याच कंपनीत कंत्राटी असतो. फोरमनवर आरोप करणाऱ्याची टेप आणि त्या फोरमनची टेप एकाच कपाटात ठेवणार असाल, तर किल्ली कोणाकडे?

कागद आधी

हा खरा प्रश्न. संमतीपत्रावर काय लिहून घेता? आणि नाव बदललं तरी खातं, वर्ष, हुद्दा दिला की माणूस ओळखू येतोच.

रेकॉर्डवाली

पूर्ण टेप आधी त्यांनाच ऐकवते, त्यांना नको असलेला भाग बंद ठेवते, वर्षाची मुदत घालून. नेमका तोच भाग सगळ्यात मोलाचा असतो, हे सांगायला नको.

तिसरी पाळी

ठीक आहे, एक पायरी खाली उतरतो. फोरमनची टेप करा. पण कामगारांच्या मुलाखती घेणाऱ्याने नाही, दुसऱ्या माणसाने. आणि कामगारांच्या आधी नाही, नंतर. त्यांनी जे सांगितलं त्यावर फोरमनला उलट प्रश्न विचारता आले पाहिजेत, नाव न घेता. नुसतं 'आमचं खातं म्हणजे एक कुटुंब होतं' हे ऐकायला मी बॅटरी जाळणार नाही.

कोरी टेप

अटी मंजूर. पण दुसरा माणूस आणायचा कुठून? गटातले बाकीचे नाही म्हणालेत. तुम्ही येता?

तिसरी पाळी

मी? फोरमनसमोर? तो आधी माझीच हजेरी घेईल. बरं, येतो. पण प्रश्न मी काढणार, आणि पहिला स्टॉपवॉचचा.